लयतत्त्व आणि छायाचित्र

एखादा रम्य देखावा पाहिला की मराठी माणूस 'अगदी चित्रासारखा' असा उद्गार काढतो. आणि एखादे चित्र मनात भरले की 'अगदी खऱ्यासारखे' म्हणून त्याची वाखाणणी करतो. सौंदर्याचे प्रमाण एकदा कलेत शोधावयाचे व एकदा निसर्गात, ही या दोन उद्गारांतील विसंगती सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाला नवी नाही. परंतु छायाचित्रापुढे दोन्ही उद्गार लटके पडतात. छायाचित्र खऱ्यासारखे असणारच. ती त्याची सिद्धी नव्हे, त्याची उत्पत्ती आहे. व्यवहारातील भाषा मात्र येथे शास्त्रापेक्षा सावध दिसते. चित्र 'काढतात', फोटोही 'काढतात'. पण विहिरीतून पाणीही 'काढतात'. शिवाय फोटो 'चांगला आला' असे म्हणतात. चित्र मात्र 'चांगले जमले' म्हणतात. जे काढले ते आधी तेथे होते, की काढणाऱ्याने ते निर्माण केले, हा सारा वाद 'काढणे' या एकाच क्रियापदात झाकलेला आहे. नित्याच्या वस्तूंची आणि भूप्रदेशांची छायाचित्रे हा वाद उघडा पाडतात, आणि मराठीत सौंदर्याची जी अत्यंत काटेकोर व्याख्या झाली तिची कसोटीही घेतात.

ती व्याख्या म्हणजे बा. सी. मर्ढेकर यांचा लयसिद्धांत. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी झालेली संवेदनांची संघटना म्हणजे सौंदर्य, अशी भूमिका मर्ढेकरांनी मांडली. चित्रकलेचे द्रव्य रंग व आकार, संगीताचे द्रव्य स्वर. या द्रव्यांच्या परस्परसंबंधांतून जी लय सिद्ध होते, तिच्याविषयीचे विधान तेच खरे सौंदर्यविधान. चित्रात राजा आहे की भिकारी, डोंगर आहे की उकिरडा, याचा त्या विधानाशी संबंध पोचत नाही. चित्रकलेपुरती ही भूमिका पचवणे फारसे अवघड नाही. चित्रातील डोंगर शेवटी रंगाचाच बनलेला असतो, आणि अमूर्त चित्रकलेने तो काढून टाकूनही चित्र उरते हे दाखवून दिले आहे. छायाचित्रातील डोंगर मात्र कोठेतरी होता. एका विशिष्ट क्षणी त्याच्यावरून परतलेला प्रकाश काचेवर किंवा फिल्मवर उमटला. वस्तूचे हे साक्षित्व वगळून छायाचित्राचे सौंदर्य सांगता येते काय, हा प्रश्न आहे.

ते सांगता येते, असे सिद्ध करण्याचा एक बुद्धिपुरस्सर प्रयत्न आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने केला. त्याच्या व्यक्तिचित्रांचे सामर्थ्य त्याच्यापुढे बसलेल्या माणसांवरील त्याच्या मोहिनीत आहे, असे वॉल्डो फ्रँक या लेखकाने सुचवले होते. स्टीग्लिट्झला ते झोंबले. १९२२ मध्ये लेक जॉर्ज येथे त्याने मेघांची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. मेघ सर्वांना सारखेच उपलब्ध असतात आणि त्यांच्यावर कोणाची मोहिनी चालत नाही. पहिल्या मालिकेच्या नावात त्याने 'संगीत' हा शब्द योजला, हे लयवाद्यांना अनुकूलच आहे. पुढील कित्येक मेघचित्रांत क्षितिजही नाही. चित्र कोणत्या बाजूने धरावयाचे याविषयीसुद्धा शंका यावी. येथे लयतत्त्व निर्वेधपणे लागू पडते. तथापि ते लागू पडते याचे एक कारण असे की मेघाला स्थिर रूप नसल्यामुळे त्याची वस्तू म्हणून ओळख आधीच पातळ झालेली असते. मेघावर जिंकलेला दावा मिरचीवर किंवा घरावर टिकेलच असे नाही.

मिरचीचे उदाहरण एडवर्ड वेस्टन याचे. १९३० च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे त्याने ढोबळ्या मिरच्यांची अनेक छायाचित्रे घेतली. त्यांपैकी 'मिरची क्रमांक ३०' हे जगप्रसिद्ध आहे. मिरची एका पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या वळलेल्या भिंतीवरून उजेड सर्व बाजूंनी परतल्यामुळे तिच्या अंगावर कोठेही छाया एकदम तुटत नाही. काळोखातून करडेपणा आणि करडेपणातून चकाकी अशी ती सरकत जाते. पिळवटलेले दोन फुगवटे परस्परांना बिलगलेले आहेत, आणि पाहणाऱ्यांना त्यांत मानवी पाठ, दंड, आलिंगन दिसत आले आहे. वेस्टन अशा अर्थांना वैतागत असे. आपण मिरचीच दाखवली, पण ती मिरचीपलीकडे गेली, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. मॉडेल म्हणून वापरलेल्या या भाज्या नंतर जेवणात जात असत, आणि त्यावरून झालेली थट्टा त्याने स्वतःच्या दैनंदिनीत नोंदवली आहे.

वरवर पाहता लयसिद्धांताला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. विषय क्षुद्र, संघटना अपूर्व. परंतु एक कल्पना करून पाहावी. हाच आकार कोणा शिल्पकाराने प्लॅस्टरमध्ये घडवला, त्यावर असाच प्रकाश पाडला आणि त्याचे हुबेहूब असेच छायाचित्र घेतले, तर छायाभेदांची संघटना रेसभरही बदलणार नाही. आस्वाद मात्र बदलेल. हे आकार कोणी योजलेले नाहीत, भाजीच्या टोपलीत ते अवचित सापडले, ही जाणीव त्या आस्वादात मुरलेली आहे. ती गेली की चित्र सुबक राहील, पण त्यातील विस्मय जाईल. लयवादी यावर असे म्हणू शकेल की मिरचीची क्षुद्रता आणि आकाराची भव्यता यांच्यात विरोधलय आहे. उत्तर चतुर आहे, पण महागात पडणारे आहे. विरोधाचे एक टोक जर 'मिरची' ही ओळख असेल, तर ओळख ही लयीच्या द्रव्यात शिरली. आणि द्रव्य केवळ छायाभेदांचे आहे हे म्हणणे सोडून द्यावे लागले.

येथे छायाचित्राच्या साक्षित्वावरच आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे. छायाचित्रही घडवलेलेच असते, असे आक्षेपक म्हणेल, आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याच्या 'हर्नांडेझ येथील चंद्रोदया'कडे बोट दाखवील. १९४१ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोमधून मोटारीने परतताना त्याला एक लहानसे खेडे दिसले. वर चंद्र, खाली दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचे ऊन. प्रकाशमापक सापडेना. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्याला पाठ होते. त्यावरून त्याने हिशेब केला आणि एक चित्र घेतले. दुसऱ्यासाठी प्लेटधारक उलटा करीपर्यंत क्रुसांवरील ऊन गेले होते. पण आज परिचित असलेले काळेभोर आकाश त्या संध्याकाळी तेथे नव्हते. आरंभीच्या प्रतींत आकाश फिकट आहे व त्यात ढगांचे पट्टे दिसतात. पुढील दशकांत काढलेल्या प्रतींत अ‍ॅडम्सने ते उत्तरोत्तर काळे केले. निगेटिव्ह ही संगीताची लिहिलेली संहिता व प्रत हे तिचे वादन, असे तोच म्हणत असे. आक्षेपात तथ्य आहेच. मात्र त्याने काय बदलले आणि काय बदलले नाही हेही पाहावयास हवे. आकाशाची छटा त्याने बदलली. चंद्र आणि क्रूस एका क्षणी एकत्र होते, ही गोष्ट त्याने बदलली नाही, आणि चंद्र मागाहून चिकटवलेला आहे असे उद्या सिद्ध झाले तर रसिकाला फसवले गेल्यासारखे वाटेल. चित्रकाराने चंद्र मागाहून रंगवला म्हणून कोणी फसत नाही.

लयसिद्धांताला याहून जड असा एक आक्षेप नैतिक बाजूने येतो. आल्बर्ट रेंगर-पाट्झ याचे छायाचित्रांचे पुस्तक १९२८ मध्ये जर्मनीत निघाले. त्यात वनस्पती, यंत्रे, भांडी, कारखाने अशा वस्तू होत्या, आणि त्याला 'वस्तू' एवढेच नाव हवे होते. प्रकाशकाने नाव दिले 'जग सुंदर आहे'. या नावावर वॉल्टर बेन्यामिन याने नेमका प्रहार केला: अशा कॅमेऱ्याला दैन्यदेखील सफाईने टिपून उपभोग्य करता येते. वस्तूची ओळख सौंदर्यविधानातून हद्दपार केली की या प्रहाराला उत्तर उरत नाही. उकिरड्याच्या छायाचित्रात संवाद, विरोध, समतोल असतील तर ते सुंदर, आणि उकिरड्याशेजारी राहणाऱ्यांचा प्रश्न अन्य शास्त्राचा, असे म्हणून मोकळे व्हावे लागते. मर्ढेकरांच्या तर्कशुद्धतेला हे मान्यही होईल. पण उकिरड्याचे चांगले छायाचित्र पाहताना प्रत्यक्ष अनुभव असा दुभंगतो काय?

तो दुभंगत नाही, याचा सबळ पुरावा रॉबर्ट अ‍ॅडम्स याच्या कामात सापडतो. (अ‍ॅन्सेलशी त्याचा संबंध नामसाम्यापुरता आहे, दृष्टीने दोघे जवळजवळ परस्परविरोधी.) तो मूळचा इंग्रजी साहित्याचा अध्यापक. कोलोरॅडोमध्ये रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी एकसारख्या स्वस्त घरांच्या वसाहती, दुकानांच्या रांगा, पाट्या, डांबरी रस्ते यांनी माळ गिळत चाललेला पाहून त्याने त्यांचीच छायाचित्रे घेतली. 'नवा पश्चिम' हे पुस्तक १९७४ चे. मानवाने पालटलेल्या भूप्रदेशाच्या छायाचित्रांचे जे प्रदर्शन १९७५ मध्ये रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये भरले, त्यातही तो होता. ॲन्सेल अ‍ॅडम्सच्या पर्वतांत माणूस जवळजवळ नसतो. येथे पर्वत घरांच्या छपरांमागे उरतो.

'कोलोरॅडो स्प्रिंग्ज, कोलोरॅडो, १९६८' हे छायाचित्र घ्यावे. एक बुटके, नवे घर. पुढे हिरवळीचा पट्टा. वर कडक ऊन. भिंतीतील खिडकीत एका स्त्रीची काळी आकृती, आणि तिच्यामागे पलीकडच्या खिडकीचा उजेड. चेहरा दिसत नाही. आडव्या पट्ट्यांच्या रचनेत ती एकच उभी, काळी खूण. समतोल इतका नेटका की ती किंचित इकडेतिकडे सरकती तर चित्र ढासळले असते. लयवाद्याला हवे ते सर्व येथे आहे. परंतु त्या काळ्या खुणेच्या जागी पाण्याची टाकी असती, आकार आणि छटा त्याच असत्या, तर हे चित्र उरले असते काय? त्याची सारी शक्ती यात आहे की खिडकीच्या चौकटीत बसलेला तो आकार एक माणूस आहे, आणि चौकटीने त्याला जितके नेमके बसवले आहे तितकेच कोंडलेही आहे. समतोल हीच येथे कैद आहे. रचनेचे नेटकेपण आणि घराचे निर्दय नेटकेपण ही एकच गोष्ट आहे, आणि तरीही त्या घरावर पडलेले ऊन निर्दोष आहे. बेन्यामिनच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर शब्दांत देता येणे कठीण. येथे दैन्य उपभोग्य झालेले नाही. रूप जसजसे स्पष्ट होत जाते तसतसे ते अधिकच बोचते.

अ‍ॅडम्सने आपली भूमिका 'छायाचित्रातील सौंदर्य' (१९८१) या निबंधसंग्रहात मांडली आहे. भूप्रदेशाच्या चित्रात भूगोल, आत्मचरित्र आणि रूपक हे तिन्ही हवेत, एकेकटे प्रत्येक अपुरे, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. सौंदर्याची त्याची व्याख्या मात्र तितकी समाधानकारक नाही. सौंदर्य म्हणजे रूप, आणि रूप म्हणजे जीवनाच्या मुळाशी असलेली सुसंगती, असे म्हटल्यावर विधान सौंदर्यशास्त्रातून श्रद्धेच्या प्रांतात उतरते. जीवनाच्या मुळाशी सुसंगती आहे याची ग्वाही खिडकीतील ती स्त्री देत नाही. अ‍ॅडम्सची चित्रे त्याच्या व्याख्येपेक्षा प्रामाणिक आहेत, असे म्हणणे भाग आहे.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्य ही संकल्पनाच द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले: एका टोकाला कलेला जीवनापासून अलग करणारी अलौकिकतावादी दृष्टी, दुसऱ्या टोकाला तिला जीवनाशी जोडणारी लौकिकतावादी दृष्टी. मराठी समीक्षेतील कित्येक निष्फळ वाद त्यांच्या या विवेचनामुळे शमले. परंतु ध्रुव म्हटले की त्यांच्यामध्ये अंतर कल्पिले जाते, आणि कलाकृती त्या अंतरात कोठेतरी, या टोकाजवळ किंवा त्या, ठेवली जाते. अ‍ॅडम्सच्या छायाचित्राला असे स्थान देता येत नाही. त्याची लय लौकिक ओळखीतूनच घडली आहे. ओळख वजा केली की अलौकिकही काही उरत नाही.

यावर एक मार्ग मर्ढेकरांच्याच विचारात उपलब्ध आहे, हे विशेष. साहित्याचा विचार करताना त्यांनी शब्दांच्या ध्वनीला साहित्याचे द्रव्य मानले नाही. साहित्याची लय भावनात्मक अर्थांची, असे त्यांनी मानले. म्हणजे ऐंद्रिय संवेदना हे सर्व कलांचे द्रव्य, या मूळ प्रतिज्ञेला साहित्यापुरता अपवाद त्यांनी स्वतःच केला. छायाचित्राला चित्रकलेचे धाकटे भावंड मानण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्यामुळेच आतापर्यंतचा घोटाळा झालेला दिसतो. त्याला साहित्याशेजारी बसवले, तर त्याचे द्रव्य छायाभेद नव्हे, तर छायाभेदांतून ओळखू आलेल्या, कधीकाळी खरोखर असलेल्या वस्तू, असे म्हणता येते. आणि संवाद, विरोध, समतोल ही तत्त्वे त्या द्रव्याला लावता येतात. मग मिरची, क्रूस, खिडकीतील बाई ही सौंदर्यविधानाच्या बाहेर उभी राहत नाहीत. सिद्धांताची चौकट टिकते, मात्र मर्ढेकरांनी बंद केलेले एक दार उघडे ठेवूनच.

या दारातून लगेच एक अडचण आत येते. वेस्टन आपल्या मिरचीला केवळ क्रमांक देतो. रॉबर्ट अ‍ॅडम्स गावाचे नाव आणि वर्ष देतो, आणि ते वाचल्याशिवाय त्याच्या चित्रातील घर कोठले, कोणत्या काळातले, हे कळत नाही. ओळख हे द्रव्य असेल, तर चित्राखालची ती ओळ कलाकृतीचा भाग धरावयाची की नाही, हे ठरवावे लागेल. आणि ती धरली तर छायाचित्राचे द्रव्य काही अंशी शब्दांचेही ठरेल.