गल्ल्यामागचा फोटो

शीळफाट्यावर अर्धा तास अडकणं ही आमच्याकडे बातमी नसते. कल्याणहून येणारे, मुंब्र्याहून पनवेलला निघालेले, महापेकडे वळणारे, सगळे इथेच एकमेकांसमोर येतात. मागच्या शनिवारी रिक्षात बसल्या बसल्या मी पाट्या वाचत होते. आगरी जेवण, मालवणी, शुद्ध शाकाहारी. पुढे कुठेतरी 'मराठा खानावळ'ही भेटतेच. आपल्याकडे हॉटेलच्या पाटीवर समाजाचं नाव बिनधास्त असतं. पण सगळ्याच समाजांचं असतं का?

हा प्रश्न डोक्यात आला एका रीलमुळे. अमेरिकेतली एक मुलगी शनिवार-रविवारी तिच्या शहरातली फक्त ब्लॅक मालकांची हॉटेलं, पुस्तकांची दुकानं आणि म्युझियम फिरते. म्हटलं, आपणही करू. दलित मालकांची हॉटेलं आणि आपल्या इतिहासाच्या जागा, दोन दिवसांत.

पहिल्याच तासाला गाडी अडली. विचारायचं कसं? 'दादा, मिसळ झकास आहे, तुमची जात कोणती?' हा प्रश्न मला स्वतःला विचारला गेलाय. कॉलेजला असताना एका मेसवाल्या काकूंनी आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग म्हणाल्या, जागा भरल्या. त्याच प्रश्नाने मी यादी कशी करणार?

अमेरिकेतल्या यादीला मोठा इतिहास आहे. हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने 1936 मध्ये 'ग्रीन बुक' काढलं. काळ्या प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, याची ती यादी होती आणि ती 1960च्या दशकापर्यंत निघत राहिली. त्याच 1936च्या मे महिन्यात बाबासाहेब आमच्या कल्याणमध्ये धर्मांतरावर बोलत होते. त्यांना स्वतःला 1917 मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. तिकडे नाव छापून रस्ता शोधला गेला, इकडे नाव लपवून. आजही पाट्या वाचताना मला हाच फरक दिसतो.

कल्याण-शीळ रोडवरच्या एका चहाच्या टपरीवर गल्ल्यामागे बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो होता. मी काकांना भीत भीत विचारलं, "पाटीवर का नाही लिहिलं काही?" ते हसले. "फोटो ज्याला कळतो त्याला कळतो. पाटीवर चहा लिहिलाय. चहा घ्या ताई."

तिथेच माझी चूक लक्षात आली. मी मालक शोधायला निघाले होते, पण मनात एक 'वेगळी चव' धरून. रीलमधल्या मुलीने तर साधी कॉफीसुद्धा घेतली होती. काका वडापाव विकतात, सगळ्यांसारखाच. त्यांनी माझ्या रीलसाठी वेगळं काही का शिजवावं?

वेगळी चव ज्यांना हवी, त्यांच्यासाठी पुस्तक आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 मध्ये आलं. भूषण कोरगावकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2024 मध्ये आला आणि मग इंस्टाग्रामवर त्याची चर्चा झाली. जेवणाआधीचा श्लोक अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो, आणि पाटोळे त्यातला एकच शब्द बदलून विचारतात, कुणाच्या ताटात? चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, रक्ती, वजडी. तूप-दूध जवळपास नाहीच. पाककृती आहेत, पण प्रत्येकीच्या मागे भूक आणि गावातली जागा उभी आहे. म्हणून त्यातलं एक पान फाडून 'रेसिपी' करता येत नाही. हे या पुस्तकाचं बळ आहे.

गोची आपल्या वाचण्यात आहे. पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांबद्दल बोलतं. आपण त्याला सरसकट 'दलित क्विझिन' म्हणून टाकतो, जणू कोकणातल्या बौद्ध घरातही हेच शिजत होतं. आणि गंमत बघा, 2015 मध्येच महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. पुस्तकात जे लिहून ठेवलं, त्यातलं बरंच मेन्यूवर येण्याची वाट त्याच वर्षी बंद झाली.

पण कायदा हे एकच कारण नाही. माझ्या आईचं माहेर बीडकडचं. तिला पुस्तक दाखवलं तर तिचा चेहरा उतरला. "बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून आपल्या लोकांनी मेलेल्या जनावराचं खाणं सोडलं. उपाशी राहून सोडलं. आता तुम्ही त्याचे फोटो काढणार?" अमेरिकेतल्या 'सोल फूड'मध्येही मालकाने टाकून दिलेल्या तुकड्यांची आठवण आहे, तरी ते अभिमानाने पाटीवर आलं. आमच्याकडे तेच ताट सोडणं हाच अभिमान होता. पाटोळे लिहितात तेही खरं आणि आई म्हणते तेही. दोन्ही एकदम मान्य करणारं फूड रायटिंग मला अजून हवं आहे.

रविवारी दिव्याहून लोकल पकडून दादरला गेले. हिंदू कॉलनीत राजगृह बाहेरूनच पाहिलं. बाबासाहेबांनी हे घर बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. मग पश्चिमेला, चैत्यभूमीवर. बाहेर पुस्तकं, मूर्ती, निळे झेंडे विकायला होते. इथे कुणाला काही विचारावं लागत नाही. विकणाऱ्याला माहीत असतं कोण घेणार, घेणाऱ्याला माहीत असतं कोण विकतंय. मला हवी होती ती यादी इथे माणसांच्या रूपात उभी होती, आणि 6 डिसेंबरला ती शिवाजी पार्कभर पसरते. पण रेल्वे स्टेशनपर्यंत परत येईतो पाट्या पुन्हा पहिल्यासारख्या.

रात्री घरी आले तर आईने येसराची आमटी केली होती. मी डबा उघडून वास घेतला आणि प्रमाण विचारलं.

"अंदाजाने घालायचं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "येसराचं लिही. आजीचं नाव घालून लिही."