टाइप ७७ : मागे नेणारा आराखडा

विमानाच्या प्रतिकृतीचं कौतुक सहसा ती पूर्ण झाल्यावर होतं. रंगकाम, चकाकी, कॉकपिटमधले बारकावे यांवर आपण बोलतो. मला मात्र त्याआधीच्या कागदाविषयी लिहायचं आहे. १/३२ प्रमाणात ट्रम्पेटर कंपनीचं मिग-२१ एमएफचं किट मिळतं. त्यातून मिग-२१ एफएल, म्हणजे भारतीय हवाई दलाचं ‘टाइप ७७’, घडवायचं असेल तर प्लास्टिकवर करवत चालवण्यापूर्वी जो आराखडा तयार करावा लागतो, तो स्वतःच रसिकतेनं वाचण्यासारखा आहे. विमान इतक्या बारकाईनं वाचायला लावणारी दुसरी रीत मला माहीत नाही.

टाइप ७७ नाशिकचं आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. सुरुवातीला सोव्हिएत संघातून आलेले भाग इथे जोडले गेले. मग टप्प्याटप्प्यानं जास्त काम इथेच होऊ लागलं आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून घडवलेलं पहिलं एफएल हवाई दलाच्या हाती गेलं. शहराच्या दुसऱ्या बाजूला, त्र्यंबक रस्त्यावर, सातपूर आहे. तिथली औद्योगिक वसाहत, ‘नाईस’ या सहकारी औद्योगिक वसाहतीतले गाळे, आयटीआय यांनी टर्नर, फिटर, टूलमेकर यांच्या पिढ्या घडवल्या. ड्रॉइंग हातात घेऊन जॉबचा शेवट आधी डोळ्यांपुढे आणायची सवय या भागाच्या अंगवळणी पडलेली आहे. असा आराखडा सातपूरच्या टेबलावर परका वाटत नाही, तो याचमुळे.

या आराखड्याची पहिली खुबी त्याच्या दिशेत आहे. एमएफ हे एफएलनंतरचं विमान. पुढच्या काही वर्षांत मिगच्या अंगावर जे जे चढलं, ते एमएफमध्ये आहे. म्हणून इथे बरंचसं काम काढून टाकण्याचं आहे. आणि एखादी गोष्ट काढायची, तर ती आधी का चढवली गेली हे कळल्याशिवाय नेमकं कुठे थांबायचं ते ठरत नाही.

नाकापासून सुरुवात करू. विमानाचा हवेतला वेग मोजणारी लांब पिटो नळी एमएफच्या नाकावर उजवीकडे सरकलेली आहे. एफएलवर ती वरच्या बाजूला, बरोबर मध्यरेषेवर येते. बदल एवढासाच. पण समोरून पाहिलं की एफएलचा चेहरा एकदम सममित दिसतो : गोल तोंड, त्यात वेगानुसार पुढेमागे सरकणारा शंकू आणि वर सरळ नळी. आराखड्यात या नळीसाठी इंजेक्शनच्या सुईची किंवा लेथवर कातलेल्या पितळेची नोंद असते. प्लास्टिकची नळी या प्रमाणात वाकते, हे त्यामागचं कारण.

मग येते कॅनोपी. एमएफची पुढची काच पक्की बसवलेली आहे आणि मागचं झाकण उजवीकडे उघडतं. एफएलवर काचेचा सगळा भाग एकसंध असून तो पुढच्या कडेवरच्या बिजागरीवर वर उचलला जातो. या रचनेमागे वैमानिकाचा जीव वाचवण्याचा एक विचार होता. आसन बाहेर फेकलं जाताना कॅनोपीही त्याच्यासोबत सुटायची आणि समोरून येणाऱ्या हवेच्या माऱ्यापासून वैमानिकासाठी ढाल व्हायची. पुढच्या आवृत्त्यांनी ही पद्धत सोडून नवं आसन घेतलं आणि काचेची ठेवणही बदलली. म्हणजे एमएफचं झाकण बाजूला ठेवून लाकडी साच्यावर तापवलेली पारदर्शक शीट ओढताना आपण सुरक्षेविषयीची एक जुनी कल्पना पुन्हा घडवत असतो. हे ठाऊक असलेल्या माणसाचा हात त्या चौकटीच्या पट्ट्या जाडजूड करणार नाही.

कॅनोपीच्या मागे पाठ. एमएफची पाठ उंच आणि भरदार, एफएलची सडसडीत. सर्वांत मोठी कापाकापी इथेच आहे आणि आराखड्याचा शहाणपणाही इथेच दिसतो. कॅनोपीची मागची कड पाठीची उंची ठरवते, म्हणून आधी कॅनोपीचा साचा, मग पाठीचे आडवे छेद प्लास्टिक कार्डात, आणि ते जुळल्यावरच धडावर करवत. जे जोडायचं ते हातात आल्याशिवाय काही कापायचं नाही. शेपटीपाशी मात्र थांबायचं. रुंद उभा पंख आणि त्याच्या बुडाशी असलेली ब्रेक पॅराशूटची नळी दोन्ही आवृत्त्यांत आहेत. कुठे हात लावायचा नाही, हे लिहून ठेवणंही नियोजनच.

पोटाखालची नोंद मला सर्वांत हृद्य वाटते. एमएफच्या पोटात २३ मिलिमीटरची दुनळी तोफ बसवलेली आहे. ती काढून पोट गुळगुळीत करायचं, कारण एफएलला अंगची तोफच नव्हती. ४ सप्टेंबर १९६५ रोजी २८ व्या स्क्वाड्रनचे वैमानिक वोलन यांनी त्या वेळच्या मिग-२१ मधून पाकिस्तानी सेबर विमानावर दोन्ही के-१३ क्षेपणास्त्रं सोडली. ती चुकली आणि मग हाती काहीच उरलं नाही. पुढे पोटाखाली टांगायची जीपी-९ ही तोफेची पेटी आली. १२ डिसेंबर १९७१ रोजी ४७ व्या स्क्वाड्रनच्या भारतभूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानी एफ-१०४ विमान पाडलं, ते याच तोफेनं. म्हणून मॉडेलच्या पोटाखाली पेटी लावायची की नाही, हा प्रश्न सजावटीचा राहत नाही. मॉडेल १९६५ चा धडा सांगणार की १९७१ चं उत्तर, हे त्या पेटीवरून ठरतं.

पंखांवरून एमएफचे बाहेरचे दोन पायलॉन, म्हणजे शस्त्रं टांगायचे आधार, उतरतात, दोनच उरतात. मग ५७ अंशांनी मागे झुकलेली त्रिकोणी पंखांची कड पुरती मोकळी दिसते आणि हे विमान मुळात किती हलक्या हातानं रेखलेलं होतं ते समजतं.

आता मोजमाप. पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर, म्हणजे १/३२ मध्ये २२.३६ सेंटिमीटर. मॉडेलवर अर्धा मिलिमीटर चुकला की खऱ्या विमानावर १६ मिलिमीटर चुकतात. सातपूरमधला कुठलाही टर्नर एवढी चूक असलेला जॉब परत करेल. छापील आराखडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि फोटोत जवळचं नाक फुगून दिसतं. त्यामुळे आधी विस्तारासारखं एक खात्रीचं माप पक्कं करायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडायचं. संग्रहालयातलं विमानही जपून वापरायचं, कारण अशा विमानांवर नव्यानं रंग चढलेला असतो आणि काही भाग हरवलेले असतात. उत्तम आराखडा एका विमानाचा, एका क्रमांकाचा आणि एका काळाचा असतो. १९७१ मध्ये काही एफएल उघड्या धातूच्या रंगात होती, काहींवर छलावरण चढलं होतं. दोन्ही एकत्र करून सरासरी विमान करणं म्हणजे कधीच न उडालेलं विमान करणं.

डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंडा इथे एफएलला निरोप मिळाला आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ची भारतातली सेवाच संपली. आता हे विमान आकाशात पाहून तपासता येणार नाही. कागद, फोटो आणि माणसं एवढेच आधार उरले आहेत. त्यातली माणसं नाशिकमध्ये आहेत. ओझरला रिव्हेट मारलेले, पत्रा वळवलेले, जिग लावलेले निवृत्त कामगार या शहरात राहतात. म्हणून आराखड्याच्या शेवटी एक कोरा रकाना ठेवावा आणि त्यात या लोकांना विचारायचे प्रश्न लिहावेत : कुठल्या पत्र्याची चकाकी वेगळी होती, पाठीचा सांधा कसा बसवत, कुठला भाग हातानं घासून जुळवावा लागे. मॉडेल एक वर्ष उशिरा झालं तरी चालेल. हे प्रश्न मात्र याच वर्षी विचारायला हवेत.