देखाव्यावांचून 'ओतेल्लो'

ऑपेरा हा प्रकार मुळांतच मिश्र आहे. त्यांत काव्य आहे, गायन आहे, वादन आहे, अभिनय आहे, आणि या सर्वांना एकत्र नांदविणारी रंगभूमि आहे. यांपैकीं रंगभूमि काढून घेतली, पडदे, देखावे, वेष, दीप, हालचाल हें सर्व वजा केलें, आणि गायक-गायिकांना साध्या पोशाखांत वाद्यवृंदाजवळ एका ओळींत उभें करून तेंच नाटक गाववून घेतलें, तर जें उरतें त्यास काय म्हणावें? युरोप-अमेरिकेंत ही पद्धत आतां चांगली रुळलेली आहे, आणि तिच्याविषयीं दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, हें अपंग नाटक होय. खर्च वाचविण्यासाठीं काढलेली ही तोड आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, कापड आणि लांकूड यांच्या ओझ्याखालीं दडपलेलें संगीत अशा वेळींच शुद्ध स्वरूपांत ऐकावयास मिळतें. मला हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. रंगभूमि काढून घेतल्यानें प्रत्येक कृतीची सारखीच हानि होते किंवा प्रत्येकीला सारखाच लाभ होतो, असें दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. खरें पाहतां विचारावयाचें तें हें कीं, त्या विशिष्ट शोकांतिकेंत डोळ्याचें काम कोणतें आणि कानाचें काम कोणतें? या दृष्टीनें विचार करण्यास व्हेर्दीच्या 'ओतेल्लो'हून सोयीचें उदाहरण मला तरी आढळलेलें नाहीं.

या ऑपेराचें कथानक मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'चें महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकर यांनीं केलेलें भाषांतर १८६७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि पुढें १८९० मध्यें देवलांनीं त्याला 'झुंझारराव' हें मराठी रूप दिलें. कवि आरिगो बोइतो यानें व्हेर्दीसाठीं तें कथानक इटालियन भाषेंत आणतांना व्हेनिसमधील पहिला अंक सर्वस्वीं गाळला आणि पडदा एकदम सायप्रस बेटावरील वादळांत उघडला. ५ फेब्रुवारी १८८७ रोजीं मिलान येथील ला स्काला नाट्यगृहांत त्याचा पहिला प्रयोग झाला. व्हेर्दीचें वय तेव्हां त्र्याहत्तर वर्षांचें होतें. त्या रात्रीं वाद्यवृंदांत चेलो वाजविणाऱ्यांमध्यें एकोणीस वर्षांचा एक तरुण होता. त्याचें नांव आर्तुरो तोस्कानिनी. साठ वर्षांनंतर, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, याच तोस्कानिनीनें न्यूयॉर्कमधील एन्. बी. सी. नभोवाणीच्या आठ-एच् या ध्वनिगृहांत 'ओतेल्लो'चें सादरीकरण केलें, तें मात्र रंगभूमीवांचून. ६ डिसेंबर १९४७ रोजीं पहिले दोन अंक आणि १३ डिसेंबर रोजीं उरलेले दोन, असें तें दोन भागांत ध्वनिक्षेपित झालें. रामोन विनाय हा ऑथेल्लो, हेर्व्हा नेल्ली ही डेस्डिमोना आणि जुझेप्पे वाल्देंगो हा इयागो होता. त्याचें ध्वनिमुद्रण आजहि ऐकावयास मिळतें. पुढील विवेचन मुख्यतः त्याच्याच आधारें केलें आहे.

प्रथम एक आक्षेप निकालांत काढला पाहिजे. व्हेर्दीला असा प्रयोग रुचला असता काय? बहुधा नाहीं. रंगभूमीच्या बारीकसारीक गोष्टींत तो कमालीचा दक्ष असे. 'ओतेल्लो'च्या पहिल्या प्रयोगाच्या आधारें रिकोर्दी या प्रकाशनसंस्थेनें एक स्वतंत्र प्रयोगपुस्तकच छापून काढलें. कोणत्या पात्रानें कोठें उभें राहावें, केव्हां वळावें, किती पुढें यावें, हें सर्व त्यांत नमूद आहे. ज्या कृतीच्या कर्त्यांना रंगभूमि इतकी मोलाची वाटत होती, ती रंगभूमि परस्पर काढून घेणें हा त्यांच्याशीं द्रोह होय, असें कोणी म्हणेल. परंतु कर्त्याची इच्छा ही एक गोष्ट आणि कृतीच्या अंगीं असलेलें सामर्थ्य ही दुसरी गोष्ट. कृतीनें काय सोसलें आणि काय सोसलें नाहीं, हें प्रत्यक्ष ऐकूनच ठरविलें पाहिजे.

आरंभींचें वादळच घ्या. त्यांत समुद्र आहे, विजा आहेत, बुडूं पाहणारें जहाज आहे आणि किनाऱ्यावर भयभीत झालेला जनसमुदाय आहे. रंगभूमीवर या देखाव्यासाठीं केवढा खटाटोप करावा लागतो! पण हें जहाज नाट्यगृहांतहि प्रेक्षकाला फारसें दिसतच नाहीं. तें दिसतें किनाऱ्यावरील समुदायाला, आणि त्या समुदायाच्या आक्रोशांतून तें आपल्यापर्यंत पोंचतें. शिवाय व्हेर्दीनें येथें ऑर्गनच्या खर्जांतील तीन लगतचे स्वर एकाच वेळीं धरून ठेवावयास सांगितले आहेत. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर षड्ज, कोमल ऋषभ आणि शुद्ध ऋषभ हे एकदम दाबून धरावे तसा तो प्रकार आहे. हा कर्कश घुमारा वादळभर चालू राहतो. तो इतका खोल आहे कीं, तो ऐकूं येतो म्हणण्यापेक्षां पायांखालीं जाणवतो, आणि तो थांबला म्हणजेच इतका वेळ आपण त्याच्या दडपणाखालीं होतों हें कळतें. ज्या कृतीनें समुद्र असा स्वरांत भरून ठेवला आहे तिला रंगविलेल्या लाटांची गरज नाहीं. येथें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें मान्य करावयास हरकत नाहीं.

तथापि देखावा नसल्यानें होणारा खरा लाभ याहून निराळा आहे, आणि तो दुसऱ्या अंकांत प्रत्ययास येतो. ऑथेल्लोचा नाश कशानें होतो? त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं कांहीं पाहिलें म्हणून नव्हे. डोळ्यांना दिसेल असा पुरावा दे, म्हणून तो इयागोच्या अंगावर धांवून जातो. मूळ नाटकांतील ही मागणी बोइतोनेंहि कायम ठेविली आहे. आणि इयागो त्याला काय देतो? एक ऐकीव गोष्ट. कॅशिओ झोंपेंत बरळला आणि तें आपण ऐकलें, अशी कथा तो ऑथेल्लोच्या कानांत ओततो. या ठिकाणीं व्हेर्दीनें इयागोच्या तोंडीं गर्जना घातलेली नाहीं. अगदीं दबक्या आवाजांत, झोंपाळ्यासारख्या हलणाऱ्या लयींत, मृदु वाद्यांच्या साथीवर तो ती गोष्ट गातो, आणि ती चाल मोठी गोड आहे. ज्यानें डोळा मागितला त्याच्या हातीं असा कानच दिला जातो, आणि तेवढ्यावर त्याचा विश्वास बसतो.

नाट्यगृहांत हा प्रसंग पाहतांना आपण सुरक्षित असतों. इयागोचे डोळे, त्याचें तिरकें हास्य, ऑथेल्लोच्या पाठीमागें त्याचें घोटाळणें हें सर्व आपल्याला दिसत असतें. म्हणून तो खोटें बोलत आहे हें क्षणभरहि विसरतां येत नाहीं. फसतो तो ऑथेल्लो. आपण शहाणे राहतों. संगीतसभेंत, आणि त्याहूनहि अधिक नभोवाणीवर, हें शहाणपण आपल्याकडून काढून घेतलें जातें. इयागोचा चेहरा नाहीं, कांहीं नाहीं. आहे तो केवळ आवाज. वाल्देंगो हा प्रसंग खलनायकी थाट न आणतां, जवळजवळ सहानुभूतीच्या स्वरांत गातो, आणि त्या ध्वनिगृहाच्या कोरडेपणामुळें, ज्याची त्या काळीं पुष्कळ निंदा झाली, त्याचें एकहि अक्षर हरवत नाहीं. तो ऐकत असतां कॅशिओ खरोखरच तसें बोलला असावा, असें क्षणभर मला वाटून गेलें, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. कथानक तोंडपाठ असतांनाहि हें घडलें. माझ्या मतें रंगभूमीवांचून केलेल्या 'ओतेल्लो'चें खरें समर्थन येथें आहे. तेथें श्रोत्याला ऑथेल्लोच्याच जागीं आणून बसविलें जातें. ज्या इंद्रियावर भरंवसा ठेवून तो बुडाला, त्याच इंद्रियावर आपल्यालाहि विसंबावें लागतें.

परंतु याच न्यायानें जेथें शोकांतिकेला डोळ्याची गरज आहे, तेथें हा प्रयोग लंगडा पडतो हेंहि कबूल केलें पाहिजे. तिसऱ्या अंकांत ऑथेल्लो लपून बसतो आणि इयागो कॅशिओला बोलतें करतो. थोड्या वेळानें कॅशिओच्या हातांत तो रुमाल चमकतो. मागितलेला दृश्य पुरावा आतां मिळाला, आणि तोहि खोटा! येथील संगीत हलकेंफुलकें, जवळजवळ विनोदी आहे. त्यांतील भयानकता अंतरावर अवलंबून आहे: पुढें दोघे हंसत आहेत, मागें एकजण मरत आहे, आणि मध्यें एक कापडाचा तुकडा आहे. तिघेहि जण एकाच ओळींत उभे राहून गाऊं लागले म्हणजे हें अंतर नाहींसें होतें आणि एक चतुर त्रिगीत तेवढें शिल्लक राहतें. त्याच अंकाच्या शेवटीं सर्व पात्रें आणि समुदाय एकत्र गातात, आणि त्या कल्लोळांत इयागो आपलीं दोन कारस्थानें कुजबुजत असतो. हा धागा स्पष्ट ऐकूं यावा याची चिंता खुद्द व्हेर्दीलाहि होती. १८९४ मध्यें पॅरिस येथील प्रयोगासाठीं त्यानें हा भाग पुन्हां लिहून आटोपशीर केला. नाट्यगृहांत इयागो एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जातांना दिसला तर कानाला मदत होते. संगीतसभेंत ती मदत नाहीं. आणि अखेरीस मूर्च्छित ऑथेल्लो जमिनीवर पडला असतां, बाहेर जनसमुदाय व्हेनिसच्या सिंहाचा जयजयकार करीत असतां, इयागो त्या पडलेल्या देहाकडे बोट दाखवितो; तेथें तो देहच नसेल तर बोट कशाकडे दाखवावयाचें?

एवढा तोटा मान्य करूनहि चौथ्या अंकाकडे वळलें म्हणजे पारडें पुन्हां फिरतें. डेस्डिमोनाची प्रार्थना संपते. व्हायोलिनचे स्वर उंच उंच जाऊन विरतात, आणि त्याच क्षणीं वाद्यवृंदाच्या तळांतून एकटे डबल-बास बोलूं लागतात. अत्युच्च स्वरावरून अतिनीच स्वरावर आलेली ही उडी ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा आणते. ऑथेल्लो शयनगृहांत शिरतो, तलवार ठेवतो, दिवा विझवितो, शय्येपाशीं जातो, तिच्याकडे पाहत राहतो: या सर्व क्रिया स्वरलिपींतच जागच्या जागीं लिहिलेल्या आहेत. रंगभूमीवर आपण नटाकडे पाहतों आणि तीं अवजड वाद्यें अर्धवट ऐकतों. नट बेताचा असेल तर त्याच्या पावलांचा आणि स्वरांचा मेळहि बसत नाहीं. नभोवाणीवर पाहण्यासारखें कांहींच नसल्यामुळें तीं वाद्यें हीच त्याचीं पावलें होतात. तीं अडखळतात, थबकतात, पुन्हां पुढें सरकतात. हा मनुष्य अजून मागें फिरेल काय, असा प्रश्न तीं प्रत्येक विरामांत विचारतात. पुढें पहिल्या अंकांतील प्रणयगीताची चुंबनाची सुरावट येते, आणि तिची स्मृति हीहि कानाचीच ठेव आहे. मरतांना ऑथेल्लोच्या ओठांवर तोच शब्द अर्धा राहतो. तो अर्धा राहिल्याचें कळण्यास पडदा लागत नाहीं.

यावरून कोणताहि ऑपेरा असा सभेंत आणावा, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. १९४९ सालीं तोस्कानिनीनें याच रीतीनें 'आयदा' सादर केला, आणि तो दूरचित्रवाणीवरून दाखविण्यांतहि आला. त्यांतील विजययात्रेचें संगीत ऐकतांना, न येणाऱ्या मिरवणुकीसाठीं वाजंत्री वाजत आहेत असें वाटत राहतें. डोळ्यांना दिसतो तो एका वृद्ध संचालकाचा तेजस्वी चेहरा. आपल्याकडील नाट्यपदांचीहि गोष्ट निराळी आहे. रंगभूमीवरील पद बैठकींत आलें म्हणजे राग विस्तार पावतो आणि पात्र मागें पडतें. त्यांत कोणाला वावगें वाटत नाहीं, कारण रागाला पात्राची गरज नसते. व्हेर्दीच्या गायकाला ही मोकळीक नाहीं. सभेंत उभा राहूनहि त्याला तेंच पात्र आणि तोच क्षण सोडतां येत नाहीं.

मात्र ही सभा कांहीं गोष्टी शक्य करते, हें विसरून चालणार नाहीं. १९९१ सालीं सोल्टीच्या संचालनाखालीं आणि शिकागोच्या वाद्यवृंदासह पाव्हारोत्ती यानें ऑथेल्लोची भूमिका प्रथमच गायिली, ती अशाच सभेंत. रंगभूमीवर ती संपूर्ण भूमिका त्यानें पुढेंहि कधीं केली नाहीं. त्याच्या प्रकृतीच्या मानानें ती भूमिका अवजड होती हें खरें; पण अवजड गळ्यांनीं झांकलेलें ऑथेल्लोचें आर्त मार्दव त्या आवाजानें कांहीं ठिकाणीं उघडें केलें, हेंहि खरें.

तोस्कानिनीच्या प्रयोगांतील एका अपघाताचा उल्लेख करून हा लेख संपवितों. दुसऱ्या अंकाच्या शेवटीं ऑथेल्लो आणि इयागो सूडाची शपथ घेतात. १९४७ च्या श्रोत्यांसाठीं नाटक तेथेंच थांबलें. पुढील अंक पुढच्या शनिवारीं. शोकांतिकेची अशी मधोमध वांटणी करणें हें रसहानीचें लक्षण, असें कोणीहि म्हणेल, आणि मीहि म्हणतों. तरी मला त्या श्रोत्यांचा पुष्कळदां विचार येतो. न पाहिलेल्या अपराधावरची ती शपथ कानांत घेऊन ते सात दिवस आपापल्या कामांत वावरले असतील. पुरावा त्यांच्याकडेहि नव्हता. त्यांच्याजवळ होता तो एका विश्वासू मित्राचा गोड आवाज. तेवढ्यावर मनुष्य काय करून बसतो हें ज्या प्रयोगानें त्यांना स्वतःच्या कानांनीं शिकविलें, त्यास मी अपंग म्हणूं शकत नाहीं.