खिशातला रिफ्लेक्स कॅमेरा : एक परीक्षण

सिंगल लेन्स रिफ्लेक्स कॅमेऱ्याचे तत्त्व वर्गात सांगताना आपण बहुधा एकच वाक्य सांगतो : ज्या भिंगातून फिल्मवर प्रतिमा पडणार, त्याच भिंगातून छायाचित्रकार पाहतो. भिंगामागचा तिरपा आरसा प्रकाश वर वळवतो, लोलकामुळे प्रतिमा सुलटी दिसते आणि बटण दाबताच आरसा बाजूला होतो. जपानच्या आसाही ऑप्टिकल कंपनीने १९७८ साली ही सारी रचना तळहातावर मावणाऱ्या 'पेंटॅक्स ऑटो ११०' या कॅमेऱ्यात बसवली. या कारागिरीचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तही आहे. शिक्षकाच्या नजरेने पाहता मात्र आम्हाला तीत एक मोठी उणीव दिसते.

आधी जमेची बाजू पाहू. कोडॅकने १९७२ साली आणलेली ११० फिल्म प्लास्टिकच्या बंद डबीत येई. ही काडतुसासारखी डबी उजेडातही बसवता येते, फिल्मचे टोक चक्रीत अडकवण्याची खटपट नाही. अशा साध्या फिल्मसाठी पेंटॅक्सने १८, २४ आणि ५० मिलिमीटर नाभीय अंतराची, बदलता येणारी भिंगे दिली. पुढे त्यांत आणखी भर पडली.

आता उणिवा. या फिल्मवरील चित्र अवघे १३ × १७ मिलिमीटरचे, म्हणजे २२१ चौरस मिलिमीटर. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील २४ × ३६ मिलिमीटरच्या चित्राचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, जवळजवळ चौपट. १५ सेंटिमीटर लांबीची प्रत काढायची तर लहान चित्र सुमारे ९ पट मोठे करावे लागते, मोठे चित्र ४ पटींहून थोडे अधिक. त्यामुळे फिल्मचे कण लवकर डोळ्यांत भरतात. शिवाय फिल्म सपाट ठेवण्याचे काम कॅमेऱ्याकडे नसून त्या प्लास्टिकच्या डबीकडे असते.

तरीही हे दोष आकाराबरोबर येणारे आहेत. आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. या कॅमेऱ्याच्या भिंगांत प्रकाशछिद्र लहानमोठे करणारी झडपच नाही. भिंगामागे कॅमेऱ्यात बसवलेली दोन पाती छिद्र आणि शटर ही दोन्ही कामे करतात आणि किती उघडायचे, किती वेळ उघडायचे हे विद्युत-मंडलच ठरवते. अंधुक उजेडात एफ/२.८ आणि १ सेकंद; भर उन्हात एफ/१३.५ आणि १/७५० सेकंद. छायाचित्रकाराला यात बदल करता येत नाही.

परिणाम काय होतो? उन्हात मुलाचा फोटो घेताना पाहणाऱ्याला पूर्ण उघड्या छिद्रातून मागचे झाड धूसर दिसते. फिल्मवर मात्र ते बरेच स्पष्ट उमटते. म्हणजे 'जे दिसते तेच उमटते' हे आपले वाक्य इथे अर्धेच खरे ठरते. याच कंपनीच्या १९६४ सालच्या स्पॉटमॅटिकमध्ये प्रकाश मोजताना छिद्र प्रत्यक्ष मिटे, पडदा काळवंडे आणि स्पष्टतेची खोली वाढलेली डोळ्यांना दिसे. त्यात कष्ट अधिक होते, पण कारण आणि परिणाम हातात हात घालून समोर येत.

फुजीफिल्मने ११० फिल्म २००९ मध्ये थांबवली. लोमोग्राफीने २०१२ मध्ये ती पुन्हा आणली. गंमत अशी की २००८ मध्ये आलेल्या मायक्रो फोर थर्ड्स डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदकही १३ × १७.३ मिलिमीटरचा. त्यामुळे ही जुनी भिंगे हौशी मंडळी त्यावर जोडतात, आणि तिथेही छिद्र उघडेच राहते!

हा कॅमेरा कुणाकडे मिळालाच तर भिंग काढून खिडकीसमोर धरावे आणि मागे अडीच-तीन सेंटिमीटरवर पांढरा कागद पुढेमागे करावा. खिडकीची उलटी प्रतिमा दिसेल. मग काळ्या कागदाला लहान भोक पाडून तो भिंगापुढे धरावा. प्रतिमा मंद होईल, पण कागद थोडा हलला तरी ती पूर्वीइतकी बिघडणार नाही. कॅमेऱ्याने जो निर्णय आपल्यापासून लपवला, तो मुलांनी स्वतः घेतलेला असेल. उपकरण सोपे असावे, याबद्दल वाद नाही. पण शाळेत येणाऱ्या उपकरणाने निदान आपण काय करतो आहोत ते मुलांना दाखवावे, एवढी अपेक्षा आम्ही ठेवतो.