डॉ. व. रा. खानोलकर यांचे रोगविषयक लेखन : चालीरीती, शरीर आणि गणती

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचा उल्लेख भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असा केला जातो. १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुखपद, पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणी आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद अशी त्यांच्या कार्याची व्याप्ती होय. गौरवाच्या या यादीत त्यांचे लेखन मात्र वाचायचे राहून जाते. रोगाचे वर्णन करताना लेखक रुग्णाच्या जगण्यातले काय टिपतो आणि काय वगळतो, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. म्हणूनच मानव्यविद्येच्या अभ्यासकाने या लेखनाकडे वळण्यास हरकत नसावी.

या दृष्टीने त्यांचा सर्वांत महत्त्वाचा लेख १९४५ सालचा आहे. बी. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या या लेखाचा विषय चालीरीतींशी निगडित कर्करोग असा असून त्यात भारतातील तीन नवे प्रकार मांडले आहेत. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना होणारा टाळूचा कर्करोग हा एक. तंबाखू व चुना खालच्या ओठामागे धरल्याने तेथेच उद्भवणारा खैनीचा कर्करोग हा दुसरा. तिसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराखालची कातडी आधी रंग बदलते, खरखरीत होते, आणि पुढे काहींच्या बाबतीत तेथेच कर्करोग होतो. त्या काळी भारतीयांत कर्करोग कमी होतो, असा समज होता. खानोलकरांनी या चर्चेचा रोखच बदलला. वंश आणि हवामान यांऐवजी त्यांनी गाठ, चिमूट आणि विडी यांच्याकडे पाहिले. रोगाची जागा आणि सवयीची जागा एकच आहे, हे दाखविणे हा त्यांचा युक्तिवाद होय. तो आजही तितकाच पटतो. लोहारा तालुक्यात, सास्तूर परिसरात तळहातावर तंबाखू मळणाऱ्यास 'खैनी' हा शब्द परका वाटेल, वस्तू परकी वाटणार नाही.

मात्र या तीन प्रकारांतील पोशाख पुरुषाचा आहे. आपल्याकडील स्त्रियांची मिश्री या तिघांत नाही आणि लुगड्याची गाठही नाही. 'साडीचा कर्करोग' ही संज्ञा वैद्यकीय नोंदींत बऱ्याच उशिरा आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. एकीच्या कमरेस परकराच्या नाडीने व्रण पडला होता, तर दुसरी चाळीस वर्षे परकराविना लुगडेच घट्ट नेसत होती. खानोलकरांची पद्धती या नोंदींत जशीच्या तशी लागू पडते, हे खरे. परंतु तिला स्त्रीच्या कमरेपर्यंत पोहोचण्यास बरीच वर्षे लागली, हेही नोंदवावे लागते.

१९४५ चा लेख निरीक्षणावर उभा आहे. एल. डी. संघवी व के. सी. एम. राव यांच्यासह १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात कर्करोग असलेले आणि नसलेले यांच्या सवयींची तुलना आली. तंबाखू चघळण्याचा संबंध मुखाच्या पोकळीतील कर्करोगाशी, तर धूम्रपानाचा संबंध घशाकडील भागाशी अधिक, असा भेद त्यातून दिसला. तत्पूर्वी संघवी व खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांच्या आनुवंशिक लक्षणांचाही अभ्यास केला होता. जात हा घटक रक्तातून काम करतो की रिवाजातून, हा प्रश्न त्यांनी गृहीत न धरता तपासण्याजोगा मानला. प्रस्तुत लेखकास खानोलकरांचे हे धैर्य त्यांच्या कोणत्याही पदापेक्षा मोठे वाटते.

कुष्ठरोगावरील त्यांच्या कामात हीच नजर सूक्ष्मदर्शकाखाली उतरते. समाजाला चट्टा दिसतो आणि झिजलेली बोटे दिसतात. म्हणजे कातडी आणि हाड. आरंभीच्या चट्ट्यांच्या ऊतींवरील १९५१ सालच्या त्यांच्या अहवालाचे लक्ष त्या दोहोंमधल्या मज्जातंतूंवर आहे. संवेदना गेल्यावर भाजणे, जखमा आणि जंतुसंसर्ग होतात व त्यातून बोटांची हाडे झिजतात, हा क्रम ध्यानात घेतला तर 'बोटे गळून पडतात' या लोकसमजातील भय बरेच ओसरते. जंतू त्वचेतील मज्जातंतूंच्या उघड्या टोकांतून शिरतात, हे त्यांचे अनुमान मात्र पुढे फारसे टिकले नाही. संसर्ग मुख्यतः श्वसनमार्गाने होतो, या मताकडे नंतरच्या अभ्यासकांचा कल राहिला.

खानोलकरांच्या लेखनाची खरी मर्यादा गणतीत आहे. मुंबईतील मुखाच्या कर्करोगावरील त्यांचा १९४४ चा आढावा एक हजार रुग्णांचा आहे. हे सर्व परळच्या दारापर्यंत पोहोचलेले लोक होते. जो पोहोचला नाही तो या हिशेबात नाही, आणि कोणत्या लोकसंख्येतून किती आले हेही अशा मोजणीतून कळत नाही. त्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. येथील शेतकऱ्यास परळ गाठणे म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणे होते.

ही उणीव भरून काढण्याचे काम आपल्याच मुलखात झाले, याची जाण आपल्या महाविद्यालयांत फारशी आढळत नाही. १९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. रुग्णालयात बसून वाट पाहण्याऐवजी गावोगाव जाऊन नोंद घेणे, हा तिचा गाभा. या पायावर पुढे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या गटात ६४. जगभरच्या तपासणी धोरणात या आकड्यांचा आधार घेतला गेला.

खानोलकरांच्या काळातील रुग्ण निदान स्वतःहून दवाखान्यात आला होता. येथे संशोधनच घरापर्यंत आले आणि ३१,४८८ स्त्रियांना त्याने तपासणीपासून दूर ठेवले. त्यांना नेहमीची आरोग्यसेवा उपलब्ध होती, असे समर्थन केले गेले. तपासणीचा उपयोग आधीच ठाऊक असताना असा गट ठेवणे योग्य होते का, यावर नंतर वाद झाला. समर्थनाचा मुद्दा प्रस्तुत लेखकास दुबळा वाटतो, कारण ज्या भागात नेहमीच्या सेवेत ही तपासणी नव्हतीच, तेथे 'नेहमीची सेवा' या शब्दांचा अर्थ तपासणी न होणे एवढाच उरतो. खानोलकरांनी रुग्णाची चाल नोंदविली होती. या अभ्यासात चाल संशोधनाची होती, आणि निबंधाच्या तक्त्यात ते ६४ मृत्यू तुलना गटाच्या रकान्यात आहेत.