मच्छी कुठे खावी, आणि कोणाच्या हातची?

खाण्यापिण्यावरील लेखनाला समीक्षेचा विषय मानण्याची आपल्याकडे प्रथा नाही. असे लेखन रविवारच्या पुरवणीत येते, चवीने वाचले जाते आणि सोमवारी रद्दीत जाते. परंतु जे लेखन हजारो लोक वाचतात आणि ज्याच्या सांगण्यावरून ते गाडी काढून शंभर किलोमीटर जातात, ते निरुपद्रवी असते असे समजणे हा भाबडेपणा होय. त्यातूनही अभिरुची घडविली जाते. कोणाला पुढे आणायचे आणि कोणाला झाकायचे हे तेथेही ठरविले जाते. प्रस्तुत लेखात मी अशा एका लेखाची चिकित्सा करणार आहे. तो लेख दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच आहे.

मी बारामतीत शिक्षक आहे. माझे मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. काही वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी माझ्याकडे लेख मागण्यात आला. विषय होता, ‘भिगवणची मच्छी कुठे खावी?’ मी याच भागातला, लिहिता माणूस, म्हणून मला विचारले गेले. मी आनंदाने होकार दिला. आपल्या भागाविषयी, तेही दुष्काळ आणि ऊस सोडून, कोणी काही विचारते आहे याचेच मला अप्रूप वाटले.

पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्याला भिगवण ठाऊक असते. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांत मागे पसरले. गावे उठली. जुन्या पळसदेवचे देऊळ पाण्याखाली गेले. पाणी ओसरले की ते आजही वर येते आणि लोक ते पाहायला जातात. ज्यांची जमीन गेली त्यांच्या नुकसानाची निदान नोंद झाली. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याचे काय बुडाले, हे कोणत्या कागदावर लिहायचे? सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याचे रान बुडत नसते. आमच्या घराचे असेच झाले. या पाण्यात पुढे मासे वाढले. रोहू, कटला, मरळ, वाम आणि सर्वांत जास्त चिलापी. ही चिलापी मूळची आफ्रिकेतली. आपल्या देशात ती १९५२ साली आणली गेली. भोई आणि इतर मासेमारी करणाऱ्यांची जाळी पाण्यात पडू लागली, भिगवणला मासळीचे लिलाव होऊ लागले आणि रस्त्याच्या कडेला मच्छीची हॉटेले उभी राहिली. तव्यावर लालभडक तळलेला मासा, तिखट कालवण आणि बाजरीची भाकरी यासाठी आज पुण्याहून माणसे येतात.

माझा लेख छापून आला तेव्हा लोकांना आवडला. आज तो पुन्हा वाचताना त्यातले चार शब्द मला टोचतात. ते माझे एकट्याचे नव्हेत, या प्रकारच्या सगळ्या लेखनाचेच आहेत. ‘गावरान’, ‘अस्सल’, ‘घरगुती’ आणि ‘झणझणीत’. या चार शब्दांशिवाय मराठीत असा लेख लिहिताच येत नाही की काय, अशी शंका यावी इतके ते रुळलेले आहेत.

‘गावरान’ म्हणजे कोणत्या गावचे? गावकुसाच्या आतले की बाहेरचे? ‘अस्सल’ हे कोणी ठरविले? ‘घरगुती मसाला’ अशी पाटी हॉटेलवर असते आणि लेखक ती जशीच्या तशी उतरवून घेतो. पण ते घर कोणाचे, हे तो विचारीत नाही. मीही विचारले नाही. कारण मला ते माहीत होते, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

ज्या हॉटेलाची मी सर्वांत जास्त स्तुती केली होती, तेथे मागच्या बाजूला माझी सख्खी मावशी काम करते. सकाळी लिलावातून मासा आला की ती तो खवले काढून साफ करते, पोट फाडते, त्याला आडव्या चिरा देते, मीठ-हळद आणि चिंचेचा कोळ चोळते. कांदा-खोबरे भाजून, लसूण, मिरची आणि कोथिंबीर घालून वाटण ती करते. समोरच्या तव्यावर उभा राहून मासा उलथणारा माणूस वेगळा. तो गिऱ्हाइकाला दिसतो. माझ्या लेखात त्याचे वर्णन होते, मालकाच्या आदरातिथ्याचे वर्णन होते, पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचेही होते. मावशी नव्हती.

वाचक म्हणतील, पांढरपेशा वृत्ती अंगात शिरली म्हणून मास्तरांनी मावशीला लपविले. हा आरोप मी पूर्णपणे नाकारीत नाही. पण घडले ते असे. लेख लिहिण्याआधी मी तिच्याकडे गेलो होतो. वाटणाचे सगळे तिने मला मन लावून सांगितले. मग मी वही मिटताना म्हणालो, “मावशे, तुझं नाव घालतो.” तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “नगं रं लेकरा. माजं नाव कळलं, आडनाव कळलं, की येनारं गिऱ्हाईक ईल का? मालक चांगला हाय, पर त्यालाबी धंदा करायचाय. तू मच्छीचं लिव्ह. माजं नगं.”

मी तिचे ऐकले. तिची भाकरी जाऊ नये म्हणून ऐकले, हे खरे. पण माझा लेख गुळगुळीत होऊन सहज छापला जावा, हाही हेतू त्यात मिसळलेला होता, हे आज कबूल केले पाहिजे.

आता ‘झणझणीत’ या शब्दाकडे वळू. शहरी लेखकाला तिखट म्हणजे मौज वाटते. डोळ्यांतून पाणी काढणारा एक खेळ. मावशी सांगते ते वेगळे. तिच्या लहानपणी चार माणसांत एखादा मासा यायचा, तोही रोज नाही. भाकऱ्या मात्र पोट भरेपर्यंत खायच्या असत. मग कोरड्यासात पाणी जास्त आणि मिरची जास्त. जिभेला चटका बसला की एवढ्याशा रश्श्यावर भाकरी उतरायची. म्हणजे आज ज्या चवीचे कौतुक होते, तिच्या मुळाशी तुटवडा आहे. तुटवड्याने शिकविलेली ती कला आहे. खाद्यलेखन त्यातली कला उचलते आणि तुटवडा टाकून देते. साहित्यातल्या सौंदर्यवाद्यांनी आमच्या भाषेच्या बाबतीत नेमके हेच केले होते. रांगडेपणा हवा होता, त्यामागची भूक नको होती.

याउलट दलित आत्मकथने पाहावीत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली. बेबीताईंचे वीरगाव, त्यांचे फलटण ही बारामतीच्या शेजारचीच गावे. या पुस्तकांकडे आपण वेदनेची, विद्रोहाची पुस्तके म्हणून पाहिले, ते योग्यच होते. पण ती अन्नाचीही पुस्तके आहेत. काय खाल्ले, ते कोणी दिले, कोणत्या अपमानाच्या बदल्यात दिले, बाईच्या वाट्याला शेवटी काय उरले, हे सगळे तेथे आहे. मराठीत खरे खाद्यलेखन कोणी केले असेल तर ते या लेखकांनी. फक्त त्याला ते नाव कोणी दिले नाही.

‘रुचिरा’ १९७० साली आले आणि मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचले. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींचे इंग्रजी पुस्तक काढले ते २००९ साली. हे ताट भारतीय नाही काय, असा त्याच्या नावाचा आशय आहे. आणि शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले ते २०१५ साली. मराठवाड्यातल्या महार-मांगांचे अन्न त्यांनी पाककृतींसह, संकोच न करता मांडले. २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. ज्यांनी आयुष्यभर रांधले त्यांचे ताट पुस्तकात यायला इतकी वर्षे का लागावीत, याचे उत्तर मावशीच्या त्या एका वाक्यात आहे.

येथे आपल्यापैकीच काही मित्र आक्षेप घेतील. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले. आपण जे टाकून दिले त्याचे गोडवे आता का गायचे? आक्षेप महत्त्वाचा आहे. पण बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ती लाचारी होती. गावाने फेकलेले उचलण्याची ती सक्ती होती. मावशीच्या हातातले वाटण ही लाचारी नव्हे. ते ज्ञान आहे. लाचारी सोडताना ज्ञानही सोडून द्यावे, असे त्यांनी कधी सांगितले नाही. आणि मच्छी ही काही एकट्या दलितांची मिरासदारी नाही, हेही मला मान्य आहे. माझा मुद्दा पदार्थाच्या मालकीचा नाही. हात झाकण्याचा आहे.

असे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्यापासून नाव घेतले त्या काळ्या लोकांच्या अमेरिकेत नॅशव्हिल नावाचे शहर आहे. तेथली जाळ काढणारी, तिखट तळलेली कोंबडी आज जगभर प्रसिद्ध आहे. ती काळ्या वस्तीतली. प्रिन्स नावाच्या कुटुंबाने ती गेल्या शतकात, वंशभेदाच्या कायद्याच्या काळात विकायला सुरुवात केली. गोऱ्या शहराला अनेक दशके तिचा फारसा पत्ता नव्हता. त्याच नॅशव्हिलमध्ये फेब्रुवारी १९६० मध्ये काळे विद्यार्थी दुकानांतल्या खाण्याच्या टेबलांशी जाऊन बसले. त्यांना वाढले जाईना. त्यांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले. पण उठले नाहीत. १० मे १९६० रोजी त्यांच्यासाठी ती टेबले खुली झाली. पुढे २००७ साली त्या कोंबडीचा शहरात उत्सव सुरू झाला, गोऱ्या मालकांची झगमगीत दुकाने निघाली, त्यांच्यापुढे रांगा लागल्या. तरी प्रिन्स कुटुंबाचे नाव पाटीवर राहिले, २०१३ साली त्यांच्या दुकानाचा राष्ट्रीय पातळीवर सन्मान झाला. मात्र तेथेही एक गोष्ट मला अस्वस्थ करते. सांगतात ते असे, की रात्रभर बाहेर भटकून आलेल्या थॉर्नटन प्रिन्सला अद्दल घडावी म्हणून त्याच्या मैत्रिणीने कोंबडीवर तिखटाचा मारा केला, त्याला ती आवडली आणि धंदा उभा राहिला. ही कथा सारे जग सांगते. त्या बाईचे नाव कोणालाही सांगता येत नाही.

आपल्याकडे खाण्याच्या टेबलाचा प्रश्न घटनेनेच सोडविला आहे. पंधराव्या कलमात उपाहारगृहांचा आणि हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही मज्जाव करता येत नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेल हा शब्द का यावा, याचे नवल ज्याला वाटते त्याने कपबशी वेगळी ठेवलेल्या चहाच्या दुकानापुढे कधी उभे राहून पाहिलेले नसते. माझ्या वडिलांनी पाहिले होते. चहा पिऊन झाला की स्वतःची कपबशी स्वतः विसळून वळचणीला ठेवायची, आणि पैसे हातात न देता फळीवर टाकायचे. आज मी त्याच तालुक्यातल्या हॉटेलात समोरच्या टेबलावर बसतो, ‘सर’ म्हणवून घेतो. हे घटनेने दिले.

पण घटनेने खाणाऱ्यासाठी पुढचे दार उघडले. रांधणाऱ्या हाताचे काय? जो मला शेजारच्या टेबलावर चालवून घेतो, त्याला माझ्या मावशीच्या हातचे वाटण चालते का? चालते, रोज चालते, बोटे चाटून चालते. फक्त ते तिच्या हातचे आहे हे कळता कामा नये. अस्पृश्यतेचे हे नवे रूप मोठे सोयीचे आहे. चव घ्यायची, नाव टाळायचे. आणि या टाळण्याला जे लेखन ‘घरगुती’ अशा गोड शब्दाने मदत करते, ते निष्पाप नाही. माझाही लेख निष्पाप नव्हता.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्या मित्रांना मला सुचवायचे आहे. कथा-कादंबऱ्यांवर आपण जी समीक्षेची हत्यारे चालविली ती आता या लेखनावरही चालविली पाहिजेत. असा लेख हाती आला की विचारावे: मासा कोणी धरला? वाटण कोणी वाटले? समोर कोण बसले आहे आणि मागे कोण? आणि ज्याने रांधले त्याचे नाव छापले तर हॉटेल चालेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर तो लेख कितीही चविष्ट असो, अर्धवट आहे.

हे लिहिण्याआधी मी पुन्हा मावशीकडे गेलो. या अंकाविषयी सांगितले, तो कोण वाचते ते सांगितले. तिने थोडा विचार केला. म्हणाली, “हाटेलाचं नाव घालू नगंस. माजंबी नगं. पर मावशी म्हून लिव्ह. तेवढं खरं हाय.”

तेवढे लिहिले आहे. त्या दिवशी ती काम संपवून बाहेर आली तेव्हा मी तिला म्हणालो, चल, समोर टेबलावर बसून दोघे जेवू. ती हसली. “मी केलेलंच मी तितं बसून पैसं देऊन खाऊ व्हय? घरी चल.” घरी तिने दोन चिलाप्या तळल्या. भिगवणची मच्छी कुठे खावी, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला तेथे मिळाले. पण ते पुरवणीत छापण्यासारखे नाही. ती जेव्हा समोरच्या टेबलावर बसेल आणि पाटीवर तिचे नाव असेल, तेव्हा मी तो लेख पुन्हा लिहीन.