माळरान, शेत आणि पडदा : पर्यावरणविषयक माहितीपटांचा पुनर्विचार

एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी चित्रपटगृहांतून पर्यावरणविषयक संदेश विनामूल्य दाखवावेत, त्यासाठी लघुपट तयार करावेत आणि शिक्षणात पर्यावरण हा सक्तीचा विषय करावा, असे निर्देश दिले. पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाला, त्याचे मूळ याच प्रकरणात आहे. माहितीपट शिकवू शकतो, हे तेव्हापासून जणू गृहीतच धरले गेले. तो नेमके काय शिकवितो, याची तपासणी मात्र आपण अध्यापकांनी फारशी केलेली नाही. प्रस्तुत लेखात ती वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात करावयाची आहे.

वर्गात सर्वाधिक पसंती मिळते ती बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ’ (2006) सारख्या मालिकांना. त्यांचे छायाचित्रण अप्रतिम आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु अकरा भागांच्या या मालिकेत माणूस जवळजवळ दिसतच नाही. निसर्ग म्हणजे जेथे आपण नाही ते स्थळ, अशी धारणा विद्यार्थी नकळत घेऊन जातो. कारंजा-सोहोळ अभयारण्य या धारणेत कोठे बसवावे? काळविटांसाठी राखलेले हे गवताळ माळरान जेमतेम 18 चौरस किलोमीटरचे, आणि सभोवती शेती. काळवीट, रोही, रानडुक्कर यांना सीमारेषा ठाऊक नसते. ज्याच्या घरची तूर रात्रीतून फस्त होते, त्या विद्यार्थ्याला काळविटाची मंदगतीने टिपलेली झेप काय सांगणार?

या दृष्टीने मिका पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (2011) हा माहितीपट अधिक मोलाचा वाटतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील तेलंगटाकळी या गावी तो चित्रित झाला आहे. त्याची रचना साधी आहे : पेरणीपासून वेचणीपर्यंतचा कापसाचा एक हंगाम. बियाणे विक्रेत्यांचा प्रचार, सावकाराकडे गहाण पडणारी जमीन, पावसाची वाट, किडीचा प्रादुर्भाव आणि मुलीच्या लग्नाची चिंता हे सारे एकाच शेतकऱ्याच्या घरात घडते. वडिलांनी आत्महत्या केलेली एक तरुणी पत्रकार होण्याच्या जिद्दीने गावात प्रश्न विचारीत फिरते. पात्रे आपल्याच वऱ्हाडी मुलखातील असल्याने त्यांच्या बोलण्यातील अडखळ, उसासा आणि उपहास विद्यार्थ्याला उपशीर्षकांविनाही उमगतो. येथे पर्यावरण हा दूरचा देखावा राहत नाही. माती, पाणी, कीटक आणि कर्ज यांचा तो एकत्रित व्यवहार ठरतो.

तथापि या चित्रपटाचा दोषही लपविता येत नाही. त्याचे बोट वारंवार एकाच आरोपीकडे, म्हणजे बीटी बियाण्याकडे वळते. संकरित वाण असल्याने दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते आणि कोरडवाहू जमिनीत गुंतवणुकीची जोखीम वाढते, हे खरेच. पण 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळण्यापूर्वीही विदर्भातील शेतकरी आत्महत्या करीत होते. सिंचनाचा अभाव, हमीभावाची खरेदी, संस्थात्मक पतपुरवठा यांना चित्रपटात जेवढी जागा मिळावयास हवी होती, तेवढी मिळालेली नाही. उलटपक्षी, जे पुढे घडले ते त्याच्या आरोपाहूनही गुंतागुंतीचे होते. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीलाच दाद दिली नाही, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे बळी गेले. बोंडअळीसाठीची फवारणी कमी करणारे वाण म्हणून जे आले, त्याच कापसाच्या शेतांत हे घडावे, यातील कार्यकारणभाव कोणत्याही एका खलनायकाच्या कथेत मावत नाही.

म्हणून हा चित्रपट दाखविताना तो सलग न दाखविता सावकाराच्या प्रसंगापाशी थांबवावा, असे सुचवावेसे वाटते. कारंजा किंवा मानोरा तालुक्यातून आलेल्या विद्यार्थ्याने त्या जागी आपल्या घरचा एकरी खर्च, बियाण्याची पावती आणि विहिरीच्या पाण्याची पातळी मांडून पाहावी. कदाचित त्याची आकडेमोड दिग्दर्शकाच्या निष्कर्षाशी जुळणार नाही. त्या विसंगतीवरच तासाचा उरलेला वेळ खर्ची पडावा.